तीस लाल सफरचंदं

दौंड तालुक्यातल्या एका अंगणवाडीत भिंतीवर तीस सफरचंदं लावलेली पाहिली. सगळी एकाच मापाची, लाल, रेषेच्या आत रंगवलेली. बाहेर ऊस उभा होता. त्याचं एक पानही भिंतीवर नव्हतं. ताईंना दोष कसा देणार? छापील चित्र रंगवून घरी गेलं की पालक खूश. नुसत्या रेघोट्या दिसल्या की ‘कागद वाया घालवला’.

रेघोट्या वाया जात नाहीत. मनगटातली आठ छोटी हाडं जन्मतः कूर्चेची असतात. ती एकेक करून टणक होतात. शेवटचं तर साधारण नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान. हातावरचा ताबाही आधी खांद्याला, मग मनगटाला, शेवटी बोटांना येतो. म्हणून तीन वर्षांचं मूल खडू मुठीत धरून अख्खा हात फिरवतं. माती मळणं, कागद फाडणं, मोठ्या कागदावर मनसोक्त गिरगटणं ही त्याची लेखनाची तयारीच असते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं, तेव्हा पानं, बिया, शंख-शिंपले हीच त्यांची साधनं होती. आपल्याकडे भीमेकाठची काळी माती आहे, चिपाडं आहेत, गेरू आणि हळद आहे. चुना मात्र मुलांच्या हाती देऊ नका, डोळ्यांना इजा होते. आणि तीन वर्षांखालच्यांना मणी, बिया नकोत, घशात अडकतात.

पण माझा आग्रह हाताच्या व्यायामापुरता नाही. शिरूर तालुक्यात पिंपरखेडला २०२५ मध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत मुलांचे जीव गेले. त्या भागातली मुलं अंधार पडायच्या आत घरात घेतली जातात. मोठ्यांची कुजबुज त्यांच्या कानावर पडते. बोलायला शब्द मात्र नसतात. चित्रावरून निदान करू नये, ते आपलं काम नव्हे. कोरा कागद दिला तर निदान बोलणं सुरू होतं.

तिथल्याच एका चार वर्षांच्या मुलाने कागदभर हिरवा खडू फिरवला होता. मी म्हटलं, “सांग की रे मला, काय काढलंस?”

“बिबट्या.”

“कुठंय?”

“उसात हाय ना. मग दिसंल कसा?”