इंटरनेट गेले की रविवारची वाट कशाला पाहायची?



कॉम्प्युटर अपडेट झाला आणि इंटरनेट गेले, ही तक्रार जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव, सगळीकडच्या आपल्या घरांतून ऐकू येते. त्यावर ठरलेले उत्तर असते, "रविवारी मुलगा पुण्याहून आला की बघेल." मला हे पटत नाही. दुकानाचे जीएसटीचे ३-बी दर महिन्याच्या २० तारखेला भरायचे असते, चातुर्मासात ऑनलाइन प्रवचन असते, नातवंडांची पाठशाळा असते. हे सगळे रविवारपर्यंत का थांबावे? रिपेअरवाल्याला बोलवावे तर आपल्या भागात बिबट्याच्या भीतीने अंधार पडल्यावर वस्तीवर कोणी यायला तयार नसते.

तेरीज जुळली नाही म्हणून कोणी सगळी खाती पुन्हा लिहायला बसत नाही. फरक कुठल्या बाजूला आहे ते आधी शोधतो. इथेही तेच करायचे. मोबाईलचा डेटा बंद करा आणि घरच्या वायफायवर काही उघडून पाहा. मोबाईलवर चालले तर लाईन ठीक आहे, दोष कॉम्प्युटरकडे. मोबाईलवरही चालले नाही तर राऊटर पाहा. फायबरच्या राऊटरवर 'एलओएस'चा लाल दिवा लागला असेल तर बाहेरची तार गेली. मग कॉम्प्युटरला हात लावू नका, कनेक्शनवाल्याला फोन करा. एवढ्या एका तपासणीने निम्मा गोंधळ मिटतो.

दोष कॉम्प्युटरकडे असेल तर 'शट डाऊन' नको, 'रीस्टार्ट' करा. पुष्कळ जणींना दोन्ही सारखेच वाटते. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असले तर शट डाऊन केल्यावरही आतली काही स्थिती जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उघडते. रीस्टार्टमध्ये सगळे नव्याने सुरू होते. डिसेंबर २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये असंख्य घरांतल्या विंडोज कॉम्प्युटरचे इंटरनेट असेच गेले होते, तेव्हा मायक्रोसॉफ्टने लोकांना हाच पहिला सल्ला दिला होता. राऊटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक क्रमांक देतो, तो कॉम्प्युटरला मिळत नव्हता. नेटवर्कच्या माहितीत आयपी क्रमांक १६९.२५४ ने सुरू होताना दिसला तर समजा, राऊटरकडून क्रमांक आलेला नाही.

तरीही चालले नाही, तर मोबाईल केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि मोबाईलमध्ये 'यूएसबी टिथरिंग' सुरू करा. वायफायचा भाग बिघडला असला तरी बहुतेक वेळा यावर इंटरनेट चालते आणि २० तारखेचे काम उरकते. मग सवडीने डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायच्या नावावर 'रोल बॅक ड्रायव्हर' मिळतो का पाहा. 'नेटवर्क रीसेट' अगदी शेवटी. त्याने साठवलेले वायफायचे पासवर्ड पुसले जातात, म्हणून पासवर्ड आधी किराणाच्या वहीत लिहून ठेवा. (मुले हसतात. हसू द्यावे.)

काही घरांत यावर उपाय म्हणून अपडेटच बंद करून टाकतात. तेही मला मान्य नाही. बाहेरून कोणी घुसू नये म्हणूनच ते बहुतेक अपडेट येतात, आणि त्याच कॉम्प्युटरवर आपण बँक उघडतो. विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, तेव्हा जुना कॉम्प्युटर असेल त्यांनी याचा विचार करायला हवा. अपडेट चालू असताना मधेच बटण दाबू नये एवढे मात्र पाळा. तेवढ्या वेळात एक सामायिक करावी. ४८ मिनिटे बहुधा पुरतात.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. इंटरनेट गेले की घाबरून मोबाईलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधला जातो. असे खोटे नंबर मुद्दाम टाकून ठेवलेले असतात. पलीकडचा माणूस "ताई, ताई" करत गोड बोलतो, एक ॲप उतरवायला सांगतो आणि आपला पडदा त्याला दिसू लागतो. दुरुस्तीसाठी ओटीपी कधीच लागत नाही. कनेक्शनचा नंबर बिलावर छापलेला असतो, तोच लावा. आणि कोणाच्या खात्यातून पैसे गेलेच, तर घरात कोण काय म्हणेल याचा विचार करत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. हा नंबरही त्या वहीत पहिल्याच पानावर असू द्या.