इन्सुलिनला होणारा उशीर

टाइप टू मधुमेहाच्या रुग्णाला गोळ्या घेता घेता दहा-बारा वर्षे झालेली असतात. तीन प्रकारच्या गोळ्या पूर्ण मात्रेत चालू असतात आणि तरीही एचबीएवनसी नऊच्या खाली यायला तयार नसते. आपल्यापैकी प्रत्येक फॅमिली डॉक्टरच्या ओपीडीत असे रुग्ण रोज येतात. त्यांच्या केसपेपरवरचा शेराही ठरलेला असतो: पथ्य कडक करा, चालणे वाढवा, तीन महिन्यांनी रिपोर्ट घेऊन या. तीन महिन्यांनी आकडा जवळपास तोच असतो, शेराही तोच पडतो आणि अशा तिमाह्यांची बघता बघता वर्षे होतात. या उशिराचे कारण विचारले तर आपले उत्तर तयार असते, की पेशंट सुईला तयार होत नाही. आमच्या मते हे उत्तर अपुरे आहे. रुग्णाची भीती खरी आहे, यात वाद नाही. पण त्या भीतीला बळ देणारा पुरावा आपण उशिरा सुरू केलेल्या इन्सुलिनमधूनच तयार होत असतो. भीतीमुळे उशीर होतो आणि उशिरामुळे भीती वाढते. हे चक्र तोडायचे तर सुरुवात डॉक्टरनेच करायला हवी.

आधी आजाराच्या स्वभावाकडे पाहू. ब्रिटनमध्ये 1977 साली सुरू झालेल्या आणि 1998 मध्ये मुख्य निष्कर्ष जाहीर झालेल्या यूकेपीडीएस या अभ्यासात नव्याने निदान झालेल्या पाच हजारांहून अधिक रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला. त्यातून पुढे आलेली गोष्ट आपण सगळेच पाठ्यपुस्तकात वाचतो, पण रुग्णाला क्वचितच सांगतो. निदानाच्या वेळीच बीटा पेशींची कार्यक्षमता निम्म्यावर आलेली असते आणि उपचार कोणताही असो, ती पुढे घटतच राहते. याच अभ्यासात एकाच औषधावर नऊ वर्षांनी एचबीएवनसी सातच्या खाली राखू शकलेले रुग्ण जेमतेम एक चतुर्थांश होते. त्याच्याच एका उपअभ्यासात सल्फोनिलयुरिया अपुरी पडताच लगेच इन्सुलिन जोडण्याचे धोरण ठेवले होते. तिथे सहा वर्षांत निम्म्याहून अधिक रुग्णांना इन्सुलिनची गरज पडली. याचा अर्थ सरळ आहे. अनेक वर्षांनी गोळ्या अपुऱ्या पडणे हा बहुतांश रुग्णांच्या बाबतीत आजाराचा अपेक्षित प्रवास आहे. पथ्य मोडल्याने तो वेगाने होतो आणि पथ्य पाळल्याने तो लांबतो. पण काटेकोर पथ्य पाळणाऱ्या, रोज तासभर चालणाऱ्या रुग्णावरही ही वेळ येऊ शकते आणि त्यात त्याचा काही दोष नसतो.

हा प्रवास अपेक्षित आहे हे माहीत असूनही आपण किती थांबतो, याची मोजदाद झालेली आहे. ब्रिटनमधील ऐंशी हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून 2013 मध्ये कमलेश खुंटी आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की एचबीएवनसी मर्यादेबाहेर गेल्यापासून इन्सुलिन सुरू होईपर्यंत सहा ते सात वर्षे निघून जातात. तीन गोळ्या घेत असलेल्यांचे उपचार वाढवले गेले तेव्हा त्यांचे सरासरी एचबीएवनसी साडेनऊच्या पुढे गेले होते. जिथे प्रत्येक नागरिक एका ठरावीक डॉक्टरकडे नोंदलेला आहे आणि औषधांचा भार सरकारी यंत्रणा उचलते, तिथली ही स्थिती आहे. भारतासह तेरा देशांत झालेल्या डॉन या सर्वेक्षणाने याची दुसरी बाजू उजेडात आणली. इन्सुलिन न घेणारे अनेक रुग्ण त्याची वेळ येणे म्हणजे आपलेच अपयश मानत होते. त्याच सर्वेक्षणात सुमारे निम्म्या जनरल प्रॅक्टिशनर्सनी आपण अगदी निरुपाय होईपर्यंत इन्सुलिन टाळतो असे सांगितले. तज्ज्ञ डॉक्टरांमध्ये हे प्रमाण कमी होते. म्हणजे टाळाटाळ टेबलाच्या दोन्ही बाजूंना आहे. आपण मात्र केसपेपरवर फक्त समोरच्या बाजूची नोंद करतो.

आता उशिरातून पुरावा कसा तयार होतो ते पाहू. 'काकांना इन्सुलिन लावले आणि वर्षभरात डायलिसिस सुरू झाले', 'आईची सुई चालू झाली आणि नजर गेली', अशी वाक्ये रुग्ण आपल्याला ऐकवतात आणि आपण त्यांना अज्ञान म्हणून बाजूला सारतो. पण त्या कुटुंबाने पाहिलेला घटनाक्रम खोटा नसतो. दहा वर्षे साखर तीनशेच्या आसपास राहिली, त्या काळात मूत्रपिंड आणि डोळ्याचा पडदा मूकपणे झिजत गेले, आणि सगळे हाताबाहेर गेल्यावर आपण इन्सुलिन लिहिले. आधीच्या दहा वर्षांतली झीज कुणाला दिसली नाही. दिसली ती फक्त सुई आणि तिच्यानंतर आलेले डायलिसिस. घरच्यांनी त्यातून काढलेला कार्यकारणभाव चुकीचा असला तरी त्यासाठी लागणारी सामग्री आपणच पुरवली. अशा प्रत्येक उशिरा सुरू केलेल्या इन्सुलिनमागे एक पुतण्या, एक सून, एक शेजारी असतो, आणि त्यांच्यापैकी कुणाला उद्या मधुमेह झाला की तो हाच दाखला घेऊन आपल्यासमोर बसतो. आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि गोव्यात तर प्रौढांमधले प्रमाण 26.4 टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. इतक्या घरांत हे दाखले पोहोचत असतील, तर भीती निवारणाची पत्रके वाटून ती जाणार नाही. इन्सुलिन वेळेवर सुरू झाले आणि पुढची वीस वर्षे डोळे, पाय, मूत्रपिंड शाबूत राहिले, असे दाखले घराघरांत दिसले तरच ती जाईल.

या भीतीत आपण आणखी एक भर घालतो. पथ्य न पाळणाऱ्या रुग्णाला 'असेच चालले तर इन्सुलिन लावावे लागेल' असे बजावणे ही आपल्या व्यवसायातली जुनी सवय आहे. हेतू चांगला असतो, परिणाम मात्र घातक होतो. वर्षानुवर्षे जी गोष्ट शिक्षा म्हणून दाखवली, ती एके दिवशी उपचार म्हणून पुढे केली तर रुग्णाने ती आनंदाने का स्वीकारावी? 1922 च्या जानेवारीत टोरंटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा दिले गेले, तेव्हा हेच औषध जीवदान ठरले होते. आज टाइप टूच्या रुग्णाला ते शेवटच्या पायरीचे वाटते, याला आपली धमकीची भाषा बरीचशी कारणीभूत आहे. 'एकदा लागले की कायमचे चिकटते' ही समजूतही त्यातलीच. खरे तर चीनमध्ये नव्याने निदान झालेल्या 382 रुग्णांवर झालेल्या आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काही आठवडे इन्सुलिन देऊन ते बंद केले गेले. वर्षभरानंतरही औषधाविना साखर आटोक्यात असलेल्यांचे प्रमाण इन्सुलिन घेतलेल्या गटांत पंचेचाळीस ते एक्कावन्न टक्के आणि गोळ्या घेतलेल्यांत सत्तावीस टक्के होते. बारा वर्षे जुन्या मधुमेहात असे घडेल असे आश्वासन कुणी देऊ नये. पण वाढलेल्या साखरेच्या विषारी परिणामातून बीटा पेशींना विसावा मिळतो आणि लवकर मिळालेला विसावा जास्त फळतो, एवढे यातून निश्चित कळते.

यावर पहिला गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. अ‍ॅकॉर्ड या अमेरिकी-कॅनेडियन चाचणीत एचबीएवनसी सहाच्या खाली नेण्याचा आटापिटा केलेल्या गटात मृत्यू वाढले आणि 2008 मध्ये ते आक्रमक उपचार मुदतीआधीच थांबवावे लागले. त्यातून शिकायचे ते हे, की हृदयविकाराचा धोका असलेल्या, दहा वर्षे जुना आजार असलेल्या रुग्णाला आकड्याच्या मागे पळवू नये. त्या चाचणीत एकच इन्सुलिन तपासले जात नव्हते, अनेक औषधे एकत्र वापरून गाठायचे ध्येय तपासले जात होते. आणि नंतरच्या विश्लेषणात जास्त मृत्यू एचबीएवनसी खाली न आलेल्या रुग्णांत दिसले. खुद्द इन्सुलिनच्या सुरक्षिततेसाठी ओरिजिन ही 2012 ची चाचणी पाहावी. तिच्यात साडेबारा हजार रुग्णांपैकी निम्म्यांना ग्लार्जिन देऊन सहा वर्षांहून अधिक काळ पाहिले गेले. हृदयविकार वाढला नाही, कर्करोग वाढला नाही. हायपो मात्र वाढले. तीव्र हायपोचे प्रमाण वर्षाला शंभर रुग्णांमागे 0.3 वरून 1 वर गेले आणि वजन सरासरी दीड किलोने वाढले. ही किंमत आहे, ती रुग्णापासून लपवू नये. एकट्या राहणाऱ्या वृद्धाला, मूत्रपिंड निकामी होत असलेल्याला, जेवणाच्या वेळा हातात नसलेल्या शेतमजुराला ती जड पडू शकते. त्यांच्यासाठी ध्येय शिथिल ठेवावे, मात्रा बेताने वाढवावी. पण हायपोच्या भीतीने कुणालाही दहावर सोडून देणे, याला सावधगिरी म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक ताजा आहे: नवी औषधे आली, आता इन्सुलिनची गरज उरली कुठे? यात तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवे. लठ्ठ रुग्णात जीएलपी-वन गटातले इंजेक्शन बहुधा आधी द्यावे, हृदय व मूत्रपिंडाच्या आजारात एसजीएलटी-टू रोधक द्यावे, हे आजच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे आणि आमचाही त्याला विरोध नाही. पण आपल्या ओपीडीत येणारा प्रत्येक रुग्ण लठ्ठ नसतो. ज्याचे वजन घटते आहे, रात्री चार वेळा लघवीला उठावे लागते, साखर तीनशेच्या पुढे किंवा एचबीएवनसी दहाच्या पुढे आहे, त्याच्या शरीरात इन्सुलिनचाच तुटवडा आहे. त्याला आणखी एक गोळी जोडणे म्हणजे वेळ दवडणे. अशा सडपातळ, इन्सुलिन संपत आलेल्या रुग्णाला एसजीएलटी-टू रोधकावर ठेवले तर साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो, हे विसरून चालणार नाही. आणि वजन झपाट्याने घटत असेल तर इन्सुलिन सुरू करतानाच क्षयरोग आणि स्वादुपिंडाचा आजार नाही ना, हेही पाहावे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. वीस मिनिटे बसून इन्सुलिन शिकवायला गर्दीच्या ओपीडीत वेळ कुठला, आणि रुग्णाला पट्ट्यांचा खर्च झेपणार कसा? खर्चाचा प्रश्न खरा आहे. ह्यूमन इन्सुलिन अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्याची किंमत नियंत्रित आहे, आणि गरीब रुग्णाला ते देणे दहावर रखडत ठेवण्यापेक्षा केव्हाही चांगले. वेळेबद्दल मात्र आपण स्वतःशी प्रामाणिक असावे. घाईत सुरू केलेले इन्सुलिनही उशिरा सुरू केलेल्याइतकेच वाईट दाखले निर्माण करते. आपल्याकडे कुपी चाळीस युनिटची आणि पेन शंभर युनिटचे. लाल टोपणाची सिरिंज चाळीसच्या कुपीसाठी, केशरी टोपणाची शंभरसाठी. मेडिकलवाल्याने चुकीची सिरिंज हाती दिली तर मात्रा अडीचपट वाढते किंवा निम्म्याहूनही कमी होते, आणि मग 'इन्सुलिन सोसले नाही' किंवा 'लागू पडले नाही' असा निष्कर्ष निघतो. रोज त्याच जागी टोचून आलेली गाठ, फ्रीझरमध्ये गोठलेली कुपी, जेवण चुकूनही घेतलेले मिश्र इन्सुलिन, सकाळ-संध्याकाळ चालूच राहिलेली सल्फोनिलयुरिया, यांतली प्रत्येक चूक पुढच्या नकाराला कारण पुरवते. याउलट, रात्री एकदा घ्यायचे बेसल इन्सुलिन दहा युनिटने, किंवा वजनाच्या दर किलोमागे 0.1 ते 0.2 युनिटने, सुरू करून उपाशीपोटीची साखर पाहत दर तीन दिवसांनी दोन-दोन युनिटने वाढवणे ही कुणालाही शिकवता येण्याजोगी रीत आहे. 2003 च्या ट्रीट-टू-टार्गेट चाचणीत गोळ्यांवर साडेआठच्या आसपास अडकलेल्या रुग्णांपैकी सुमारे साठ टक्के अशाच साध्या, दर आठवड्याला मात्रा वाढवण्याच्या पद्धतीने सातपर्यंत आले. दहा युनिट लिहून सहा महिने दहावरच ठेवणे हाही उशीरच आहे. दुसऱ्या टोकाला, मात्रा दर किलोमागे अर्ध्या युनिटच्या पुढे गेली आणि तरी जेवणानंतरची साखर चढीच राहिली, तर बेसल वाढवत बसू नये, उपचारच बदलावा.

म्हणून आमची सूचना अशी. निदानाच्या पहिल्याच भेटीत रुग्णाला आजाराचा पुढचा रस्ता सांगावा, की आज गोळ्या पुरेशा आहेत, काही वर्षांनी इन्सुलिन लागण्याची शक्यता आहे आणि तसे झाले तर तो तुमचा पराभव नसेल. एचबीएवनसी किती असावे, हे त्याच्या वयाप्रमाणे आणि इतर आजारांप्रमाणे ठरवून केसपेपरच्या पहिल्या पानावर लिहावे. औषधे पुरेशी असूनही लागोपाठ दोन तिमाही रिपोर्ट त्या मर्यादेबाहेर गेले, तर तिसऱ्या तिमाहीत उपचार बदलल्याशिवाय शेरा लिहू नये. बदल इन्सुलिनचा असेल तर आधी डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा, कारण साखर एकदम उतरल्यावर जुना पडद्याचा आजार काही काळ बळावू शकतो आणि त्याचे खापर पुन्हा सुईवर फुटते. पहिले इंजेक्शन दवाखान्यातच, रुग्णाच्या स्वतःच्या हाताने, घरातल्या एका माणसाच्या समक्ष द्यावे. सुई किती बारीक आहे हे त्याला त्याच क्षणी कळते. आणि इन्सुलिनची धमकी आपल्या बोलण्यातून आजपासून हद्दपार करावी. यासाठी नवे यंत्र लागत नाही, नवे औषधही लागत नाही. लागते ती वेळेवर निर्णय घेण्याची शिस्त. ती पाळणाऱ्या डॉक्टरकडे पाच-सात वर्षांनी येणारा नवा रुग्ण 'माझ्या भावाला तुम्ही इन्सुलिन दिले होते, तो बरा आहे' असे सांगत येईल, आणि त्याला पटवण्यात आज आपला जाणारा बराचसा वेळ वाचेल.