पाठीवर दहा किलो



ओझे वाहायला आपल्याला कोणी शिकवायला नको. पोते, भारा, कळशी यांतच आपला जन्म जातो. पण रजा काढून, पदरचे पैसे मोडून, पाठीवर वजन घेऊन चालायला जाणारी माणसे जगात आहेत, असे सांगितले तर आमच्या म्हाताऱ्यांना हसू येते. गोष्ट मात्र खरी आहे.

नेदरलँड्स देशात नायमेखन नावाचे शहर आहे. तेथे दर जुलैत चार दिवसांची पदयात्रा भरते. १९०९ साली ती सुरू झाली तेव्हा चालणारे बहुतेक सैनिकच होते. आता हजारो सामान्य माणसे चालतात. त्यांना ओझ्याची सक्ती नाही. गणवेशातले सैनिक मात्र पाठीवर किमान दहा किलो घेऊन रोज ४० किलोमीटर, म्हणजे चार दिवसांत १६० किलोमीटर चालतात. पहिला-दुसरा नंबर नाही. वेळेत पुरे करील त्याला पदक. शेवटच्या दिवशी रस्त्याच्या दोहो बाजूंना गर्दी लोटते आणि चालणाऱ्यांच्या हातात ग्लॅडिओलसची फुले देते. आपल्याकडे ग्लॅडिओलस लावणाऱ्यांना आपल्या फुलाचा हा मान ठाऊक नसेल, म्हणून मुद्दाम सांगितले.

उन्हापुढे मात्र तेथेही हात टेकतात. २००६ साली पहिल्याच दिवशी उष्म्यात दोघे दगावले आणि उरलेले तीन दिवस रद्द झाले. २०२२ सालीही उष्म्यामुळे पहिला दिवस गाळावा लागला.

आता आपल्या गावाकडे येऊ. सैन्याच्या आणि पोलिसांच्या भरतीची तयारी करणारी पोरे पहाटे डांबरी सडकेवर दिसतात. हल्ली काहींच्या पाठीवर वाळूने भरलेली सॅक असते, वीस-वीस किलोची, आणि ती घेऊन ती धावतात. हे मला पटत नाही. ओझ्यासह धावताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावर आणि नडगीवर जो दणका बसतो, तो वीस वर्षांच्या हाडालाही फार काळ सोसत नाही. लांब कूच करणाऱ्या सैनिकांचे पाय सुजतात आणि दुखतात, हे प्रशियाच्या लष्करातील डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ सालीच नोंदवून ठेवले आहे. पोरगे 'थोडे दुखतेय' म्हणत रेटत राहते आणि ऐन भरतीच्या दिवशी लंगडते. वर्षभराची मेहनत गेली, वयाची अट जवळ आली, की घरातल्यांचाही धीर सुटतो. नडगीवर किंवा पावलावर एकाच जागी दाबून दुखत असेल, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवा.

ओझे घेऊन चालावे, धावू नये. सुरुवात पाच किलोने करा. त्यासाठी विकत काही आणायला नको. मुलाची जुनी सॅक घ्या, तळाशी चादरीची जाड घडी ठेवा आणि तिच्यावर ज्वारीची गच्च बांधलेली पिशवी ठेवा. वजन दोन खांद्यांच्या मध्ये, पाठीला चिकटून बसले पाहिजे. ते खाली कमरेशी लोंबले, की मागे ओढते, माणूस पुढे वाकतो आणि मान धरते. फवारणीच्या पंपाचे असेच आहे. सोळा लिटरचा पंप भरला की वीस किलोच्या घरात जातो, आणि आपण पट्टे सैल सोडून तो दिवसभर लोंबकळत नेतो. पट्टे आवळून पाहा, संध्याकाळी फरक कळेल. पण इतकेही आवळू नका की हाताला मुंग्या येतील. पट्ट्याखाली शीर दबली की तसे होते.

आठवड्यातून दोनदा, तीन-चार किलोमीटर, शक्यतो मातीच्या गाडीवाटेने चाला. गप्पा मारता येतील इतकाच वेग ठेवा. पंधरा दिवसांनी एक किलो वाढवा. अंतर आणि वजन एकाच वेळी वाढवू नका. हौसेने चालणाऱ्याला दहा किलो पुष्कळ झाले. पायात मोजे आणि सरावातले बूट हवेत. ओल्या मोज्याने फोड येतात. मधुमेह असणाऱ्यांनी घरी आल्यावर तळपाय निरखून पाहावेत, कारण त्यांना फोड आलेला कळतोच असे नाही. कंबर, गुडघा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

चाळिशी-पन्नाशीतल्या बंधूंनाही माझे सांगणे आहे. दूध घालायलाही मोटारसायकल काढायची सवय आपल्याला लागली आहे. पोट सुटले, साखर वाढली. डेअरी दोन किलोमीटरवर असेल, तर आठवड्यातून दोन दिवस किटली सॅकमध्ये उभी बसवा आणि शेजाऱ्याला हाक मारून पायी निघा. सोबत असली की वाट सरते.

घरातल्या बाईला मात्र हा सल्ला देत बसू नका. चारा आणि सरपण ती रोज डोक्यावरून आणतेच. तिचा भारा निम्मा तुम्ही पाठीवर घ्या, तुमचा व्यायामही त्यात होऊन जाईल.