खुंटीवरचा एप्रन आणि त्याआधीचे काम

दातांच्या एका आयओपीएतून (तोंडात फिल्म ठेवून काढलेल्या छोट्या एक्स-रेतून) रुग्णाला साधारण 1 ते 8 मायक्रोसिव्हर्ट मात्रा मिळते. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसिव्हर्टच्या आसपास, मिळतच असते. एक्स-रेच्या नावाने बिचकणाऱ्या रुग्णाला हा हिशेब जरूर सांगावा. मात्र तोच हिशेब दंतवैद्याने स्वतःच्या ढिलाईसाठी पुढे करणे गैर आहे. अमुक मात्रेखाली कर्करोगाचा धोका शून्यच होतो, असे गृहीत धरता येत नाही. शिवाय दातांचे एक्स-रे संख्येने उदंड निघतात आणि त्यांत लहान मुलेही असतात.

संरक्षणाचा विषय निघाला की नजर खुंटीवरच्या लीड एप्रनकडे जाते. खरे तर रुग्णाचे बरेचसे संरक्षण एप्रनच्या आधीच साधते किंवा हुकते. आल्या-आल्या ओपीजी (अख्ख्या जबड्याचा एक्स-रे) काढून घ्यायचा आणि मग तोंडात आरसा घालायचा, हा क्रमच उलटा आहे. तोंड तपासल्यावर, या एक्स-रेने उपचाराचा कोणता निर्णय ठरणार हे सांगता येत असेल, तरच तो काढावा. कीड लागण्याचा धोका कमी असलेल्या प्रौढाला बाइटविंग, म्हणजे दातांमधली कीड दाखवणारे एक्स-रे, दोन-तीन वर्षांनी पुरतात. धोका जास्त असलेल्या मुलाला ते सहा ते बारा महिन्यांनी लागू शकतात.

त्यानंतर प्रश्न येतो किरणांच्या झोताचा. आपल्याकडे बहुतेक मशिनांना झोत सोडणारी गोल नळी, म्हणजे गोल कोन, असतो. 6 सेंटिमीटर व्यासाच्या झोताचे क्षेत्रफळ होते 28 चौरस सेंटिमीटर. प्रौढांसाठीच्या 31 बाय 41 मिलिमीटर फिल्मचे तेराहूनही कमी. म्हणजे गालावर पडणाऱ्या निम्म्याहून अधिक किरणांचा चित्राशी काहीही संबंध नसतो. आयताकृती कॉलिमेटर लावला की मात्रा जवळजवळ निम्म्यावर येते. त्याने नेम चुकून कोन-कट (चित्राचा कोरा राहिलेला भाग) येतो, ही तक्रार खरी आहे. पण ती होल्डर न वापरणाऱ्यांची आहे. होल्डरच्या रिंगला कोन टेकवला की नेम आपोआप साधतो. फिल्मही डी स्पीडऐवजी ई किंवा एफ घेतली, तर एक्स्पोजर पुन्हा निम्म्याच्या आसपास येते.

होल्डर नसला की रुग्णाला अंगठ्याने फिल्म दाबून धरायला सांगितले जाते. मग बोट थेट झोतात येते, फिल्म वाकते, मूळ लांबट दिसते आणि दुसरी काढावी लागते. लहान मुलाच्या तोंडात तर कधी मदतनीसच बोट घालतो, आणि त्याच्यावर ही पाळी रोज येते. न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स हे अमेरिकेत दातांचे एक्स-रे काढू लागलेल्या पहिल्या काही जणांपैकी. वर्षानुवर्षे हात किरणांत धरल्याने त्यांना आधी बोटे आणि मग हात गमवावा लागला. 1928 साली त्यांनी आयुष्य संपवले. त्याच्या कितीतरी आधी, 1901 मध्ये, बॉस्टनचे दंतवैद्य विल्यम रोलिन्स यांनी गिनीपिगवरच्या प्रयोगांतून किरणांची घातकता दाखवून दिली होती. ट्यूबभोवती शिशाचे आवरण घाला, झोत हवा तेवढाच ठेवा, हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवले.

मात्रा सर्वांत नकळत वाढते ती डार्करूममध्ये. डेव्हलपर थकला की फिल्म फिकी येते. द्रावण बदलण्याऐवजी टायमर वाढवला जातो, आणि वाढवलेला टायमर पुन्हा खाली येत नाही. थोडक्यात, द्रावणाचे पैसे वाचतात आणि त्याची भरपाई रुग्णाचे शरीर करते. आरव्हीजीने (डिजिटल एक्स-रेने) डार्करूम गेली, पण दोन नव्या सवयी आल्या. चित्र लगेच दिसते म्हणून सहज पुन्हा काढले जाते. फॉस्फर प्लेटवर तर जादा एक्स्पोजर काळे दिसतच नाही; सॉफ्टवेअर ते सांभाळून घेते, आणि टायमर फिल्मच्या काळातल्या आकड्यावरच राहतो.

सीबीसीटीत (त्रिमितीय स्कॅनमध्ये) मात्रा आयओपीएच्या कैक पटींनी वाढते. मशीन व क्षेत्रानुसार ती काही दहांपासून काही शंभर मायक्रोसिव्हर्टपर्यंत जाते. एका अडकलेल्या सुळ्यासाठी अख्ख्या चेहऱ्याचे स्कॅन मागवणे हे असमर्थनीय आहे. रुग्ण मूल असेल तर अधिकच, कारण वाढत्या पेशी किरणांना जास्त बळी पडतात आणि पुढचे आयुष्यही लांब असते.

आता एप्रन. अमेरिकन डेंटल असोसिएशनने फेब्रुवारी 2024 मध्ये एप्रन व थायरॉइड कॉलर थांबवण्याची शिफारस केली. शरीराच्या आत विखुरणारे किरण एप्रनने अडत नाहीत, आणि कॉलर झोतात आली तर एक्स-रे पुन्हा काढावा लागतो. पण त्याच शिफारशींत झोत आयताकृती करण्यावरही भर आहे. गोल कोन तसाच ठेवून कॉलर तेवढी काढून टाकणे म्हणजे सोयीचे तेवढेच उचलणे. शिवाय ती शिफारस अमेरिकेतली आहे. भारतात बंधन आहे ते अणुऊर्जा नियामक मंडळाच्या (एईआरबी) नियमांचे.

एईआरबीकडे ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीवर मशीनची नोंदणी आणि दर दोन वर्षांनी गुणवत्ता तपासणी आवश्यक असते. त्या तपासणीत टायमर, केव्ही, गळती पाहिली जाते. डेव्हलपर कधी बदलला, किती फिल्म परत काढाव्या लागल्या, हे तिथे कोणी विचारत नाही. त्यासाठी मशीनशेजारी एक वही पुरते: तारीख, दात, परत काढण्याचे कारण आणि काढणाऱ्याचे नाव. महिन्याअखेरीस त्यात एकच कारण वारंवार दिसले, तर होल्डर आणायचा, द्रावण बदलायचे की मदतनीसाला पुन्हा शिकवायचे, हे ठरवता येते.