मिठाला माप हवे, अंदाज नको

दवाखान्यात डॉक्टर सांगतात, "मीठ कमी करा, दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवा." आपण मान हलवतो आणि घरी येतो. पण आपल्या स्वयंपाकघरात ग्रॅम असतो कुठे? तिथे चिमूट, चमचा, वाटी आणि "चवीपुरते" असते. म्हणून बी.पी.ची गोळी रोज घेतली जाते आणि भाजीतले मीठ मात्र तेवढेच राहते.

आमचे मत असे आहे की, ग्रॅममधला सल्ला चमच्यात सांगितला नाही तर तो चुलीपर्यंत पोहोचत नाही. तो चमच्यात सांगा, असे डॉक्टरांना आणि आशाताईंना म्हणायला संकोच कसला?

भोजनातली मात्रा ओळखा, हे तथागतांनीच सांगितले आहे. कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर भात खाऊन धापा टाकत असे. उपदेश ऐकून तो हळूहळू नाळीभर भातावर आला, असे दोणपाक सुत्तात आहे. द्रोण आणि नाळी ही मापेच. राजानेही नुसते "कमी" केले नाही, मोजून कमी केले.

आता आपला हिशेब. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. ५ मिलीच्या चमच्यात बारीक मीठ सपाट भरले तर ते साधारण ५ ते ६ ग्रॅम भरते. म्हणजे दिवसाचे सगळे मीठ एका सपाट चमच्याहून थोडे कमीच. पापड, लोणचे, सुकट, फरसाण यांतले मीठही त्यातच आले. लहान मुलांना याहून कमी लागते.

पण प्रत्येक घरचा चमचा वेगळा. पोह्यांचा चमचा तर बराच मोठा. औषधाच्या बाटलीवरच्या झाकणावर ५ मिलीची खूण असते, तिच्याशी आपला चमचा पाण्याने ताडून पाहा. खडे मीठ असेल तर खड्यांमध्ये फटी राहतात, म्हणून चमच्यात वजन कमी भरते. पण वजन सारखे असेल तर मीठही सारखेच.

काटा नसेल तरी अडत नाही. मिठाची पुडीच आपला काटा. घरात पाच मोठी माणसे असतील तर दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे एक किलोची पुडी किमान ४० दिवस पुरली पाहिजे. पुडी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. महिन्याच्या आत संपली तर मीठ जास्त होते आहे, हे नक्की.

जुलाबात तर हे माप जिवाशी गाठ घालते. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात त्याच ५ मिलीच्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. अंदाजाने जास्त मीठ पडले तर तान्ह्या बाळाला ते घातक ठरते.

येत्या रविवारी वंदनेनंतर उपासिकांनी आपापला चमचा विहारात आणावा. किराणा दुकानाच्या काट्यावर दहा सपाट चमचे मीठ तोलावे, दहाने भागावे आणि आलेला आकडा घरी मिठाच्या बरणीवर चिकटवावा. बाबासाहेबांनी आपल्याला ऐकीव गोष्टीवर न विसंबता तपासून पाहायला शिकवले. ती शिकवण स्वयंपाकघरातही चालली पाहिजे.

जयभीम! नमो बुद्धाय!