पटाचा बैल, वखराचा बैल

आमच्या धामणगाव रेल्वेच्या फलाटावर मुंबईच्या गाडीची वाट पाहत असताना शेजारच्या नानांनी मला असा एक प्रश्न विचारला, की अस्मादिकांची बोलतीच बंद झाली.

नानांचा नातू बावीस वर्षांचा. रक्ताचा कर्करोग औषधांनी एकदा हटला, पुन्हा उलटला. आता डॉक्टरांनी नवा उपचार सुचवला होता. रोग्याच्याच रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, कर्करोग ओळखायला शिकवायच्या आणि परत अंगात सोडायच्या. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या संशोधनातून हा उपचार तयार झाला. नाव ‘नेक्सकार १९’. सरकारी मान्यता ऑक्टोबर २०२३ मधली.

नाना म्हणाले, “भाऊ, पेशी शिकवल्या, समजलं. पन लढू लढू थकून बसल्या तं मंग?”

गाडी गेली. मी घरी येऊन वाचत बसलो.

वाचकहो, टी-पेशीला शत्रू नुसता दिसून भागत नाही. ‘हं, चल!’ असा दुसरा इशाराही लागतो. म्हणून या पेशींत तो आधीच बसवून देतात. पण तुतारी सारखी टोचत राहिली तर बैल तासातच बसकण मारतो. पेशीही अशाच थकतात.

इशारे मुख्यतः दोन जातींचे. ‘सीडी-२८’ हा शंकरपटाचा बैल. वाऱ्यासारखा सुटतो, लवकर दमतो. ‘फोर-वन-बीबी’ हा वखराचा. सुरुवात संथ, पण हंगामभर ओढणारा. त्याच्या पेशी शत्रूची आठवण धरून टिकतात. २०१० साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात असा उपचार घेतलेल्या दोघांच्या रक्तात त्या दहा वर्षांनंतरही सापडल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या नेक्सकारमध्येही हाच इशारा आहे.

शिवाय २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवरील प्रयोगांत दमलेल्या पेशींचे इशारे काही काळ थांबवले, तर त्या पुन्हा कामाला लागल्या! पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे शेकतो, ते काय उगाच?

पैशांच्या जुळवाजुळवीसाठी नाना गावी आले, तेव्हा ओट्यावर बसून हे सारे सांगितले. सगळ्यांनाच गुण येतो असे नाही, हेही सांगितले. ते बराच वेळ गप्प होते.

“म्हंजे आपला बैल वखराचा हाय,” ते म्हणाले. “मंग वाट पाहू.”

यंदा त्यांच्या दारी आकाशकंदील नाही. पणती मात्र एक आहे. रात्री वाऱ्याने विझली, तर आमच्या घरचे कोणीतरी जाऊन लावून येते.