कॉलेजच्या नावाआधी प्रवेशाचा दरवाजा पाहा

गेल्या महिनाभरात सातारा-सांगलीकडच्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला: प्रोजेक्ट मॅनेजमेंटची पदवी घ्यायची आहे, कुठलं कॉलेज चांगलं? तिघांच्याही घरात पदवीपर्यंत पोचलेली ही पहिली किंवा दुसरीच पिढी. मी बरीच वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, मॅनेजरांच्या हाताखालीही आणि त्यांच्या शेजारीही काम केलं आहे, म्हणून विचारत असावेत.

आधी त्या पदाबद्दल. आमच्याकडे तेवीस वर्षांच्या मुलाच्या प्रमाणपत्रावर 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट' लिहिलंय म्हणून त्याच्या हाती कुणी प्रोजेक्ट देत नाही. ते काम म्हणजे कुणाचं काम कशामुळे अडलंय हे वेळेत ओळखणं आणि क्लायंटला उशिराची बातमी उशीर होण्याआधी सांगणं. या क्षेत्रातली जगभर मानली जाणारी परीक्षा पीएमपी. चार वर्षांची पदवी असली तरी तिला बसायला प्रकल्प चालवण्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं. नवख्यांसाठी त्याच संस्थेची सीएपीएम परीक्षा आहे. तिला अनुभवाची अट नाही, २३ तासांचं प्रशिक्षण पुरतं. म्हणून पदवीनंतर लगेच लाखो रुपये मोजण्याआधी दोन-तीन वर्षं नोकरी करा, हे माझं पहिलं मत. सिव्हिलवाल्यांचं थोडं वेगळं आहे. पुण्याच्या निकमारसारखी, १९८३ पासून बांधकाम व्यवस्थापनच शिकवणारी संस्था त्यांच्यासमोर आहे. पण तिथेही साइटवर उन्हातान्हात दोन वर्षं काढलेला मुलगा वर्गात जे विचारेल ते ताजा पदवीधर विचारू शकणार नाही.

तरीही आत्ताच शिकायचं असेल, तर माहितीपत्रकातला चकचकीत विषय बाजूला ठेवा आणि प्रवेश कुठल्या दरवाजाने मिळतो ते पाहा.

महाराष्ट्रात एमबीएचे दोन अगदी वेगळे दरवाजे आहेत. एक सीईटी कक्षाच्या परीक्षेचा आणि कॅप फेऱ्यांचा. या वाटेने मिळणाऱ्या खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि सरकारी सवलतीही याच वाटेवर मिळतात. दुसरा दरवाजा खासगी आणि अभिमत विद्यापीठांचा. त्यांची परीक्षा त्यांची, फी त्यांची. कालपर्यंत जे कॉलेज होतं ते आज विद्यापीठ झालं असेल, तर इमारत तीच आणि प्राध्यापक तेच असूनही सवलतीचा हिशोब बदललेला असतो. आपल्या घरांमध्ये हा फरक बहुतेक वेळा पहिला हप्ता भरल्यावर कळतो.

सवलती काय आहेत? कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर कॅपमधून प्रवेश घेतलेल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलाला राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मी शिक्षण फी मिळते. मुलींसाठी २०२४-२५ पासून त्याहून मोठी सोय झाली: ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ. खासगी आणि अभिमत विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. म्हणजे आठ लाखांच्या आतल्या घरातली मुलगी साताऱ्यातल्या किंवा सांगलीतल्या कॅपच्या कॉलेजात एमबीए करू शकते, आणि तिच्या अब्बांना फीसाठी जमीन गहाण ठेवायची गरज नाही. 'पोरीच्या शिक्षणावर एवढा खर्च कशाला' म्हणणाऱ्या चाचांना आता दुसरं कारण शोधावं लागेल. (ते शोधतील, याची मला खात्री आहे.)

अडतं ते कागदावर. मुस्लिम आहोत म्हणजे आरक्षण नाही, असं समजून आपण कागद काढतच नाही. मुलाणी, बागवान, अत्तार, तांबोळी हे राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुस्लिम' लिहिलेलं असतं आणि मग आजोबांचा, पणजोबांचा दाखला शोधत गावोगाव फिरावं लागतं. जे कुठल्याच आरक्षणात बसत नाहीत, त्यांच्यासाठी ईडब्ल्यूएस आहे. त्याला धर्माची आडकाठी नाही. उत्पन्नाचा दाखला आणि १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीपासून कुटुंब महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. हे काम प्रवेशाच्या आठवड्यात होत नाही. निकालाची वाट न बघता तहसीलमध्ये अर्ज द्या.

मग कॉलेज कुठलं? साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचं व्यवस्थापन महाविद्यालय आहे. सांगली जिल्ह्यात राजारामनगरची आरआयटी आहे. जवळचं कॉलेज घेतलं म्हणजे कमीपणा आला, असं मला वाटत नाही. १९१९ मध्ये काले गावात रयत सुरू करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातिधर्मांची मुलं एका पंगतीला बसवली. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०६ मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढून दिली. या भागात आपल्याला शिक्षणाचा दरवाजा कुणी तरी पूर्वीच उघडून ठेवला आहे.

पुण्याचा खरा फायदा आहे तो कंपन्यांच्या जवळ असण्याचा, तो मी नाकारत नाही. पण त्याची किंमत मोजताना खोलीभाडं आणि मेसही धरा. आणि कुठल्याही कॉलेजात 'सर्वाधिक पॅकेज' विचारू नका. ते एका मुलाचं असतं. मागच्या वर्षी किती जण पास झाले, त्यातल्या किती जणांना नोकरी लागली आणि मधल्या क्रमांकाच्या मुलाला किती पगार मिळाला, एवढं विचारा. मग लिंक्डइनवर त्या कॉलेजचं नाव टाकून तीन वर्षांपूर्वीची मुलं आज कुठे आहेत ते स्वतः मोजा. अर्धा तास लागतो. पीजीडीएम असेल तर एआयसीटीईची मान्यता तपासा. ऑनलाइन पदवी असेल तर यूजीसीच्या यादीत त्या विद्यापीठाचं नाव आहे का ते पाहा.

राहिला कर्जाचा प्रश्न. व्याज नको म्हणून शैक्षणिक कर्ज टाळायचं आणि अम्मीचं सोनं मोडायचं, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. व्याजाबाबत ज्याचा त्याचा निर्णय; त्यात मी पडत नाही. पण सोनं कुणाचं होतं, तिला विचारलं होतं का, आणि तिच्या मुलीच्या शिक्षणासाठी ते असंच मोडलं असतं का, हे त्या घराने एकदा बोलून घ्यावं.